कात्री खाली ठेवा

"उद्यापासून तुम्ही आतल्या खोलीत, काज-बटणांना," मालक म्हणाले. "कटिंग नको."

मास्तरांची कात्री सुटाच्या कापडात अर्ध्यावर थांबली. बावीस वर्षं ते याच टेबलाशी उभे होते. त्यातली चौदा वर्षं हातांवर सोरायसिस होता. तळव्यांना भेगा, बोटांवर पापुद्रे. पण कापड कधी सूतभरही चुकलं नव्हतं.

"का?"

"परवा गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली. असल्या हातांनी कापलेले कपडे घालवत नाहीत म्हणे."

"अहो, हा संसर्गजन्य रोग नाही! किती वेळा सांगू?"

"मला पटतं हो. गिऱ्हाइकाला कोण पटवणार?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काउंटरवरची बाई मान खाली घालून टेप गुंडाळत होती. ही त्यांच्या हातून कापड घेताना नेहमी टोकाला धरायची.

"झालं तुमच्या मनासारखं?" ते तिच्यावर खेकसले. ती रडकुंडीला आली. मास्तरांना बरं वाटलं.

घरी रोज सकाळी बायको त्यांच्या हातांना मलम लावायची. अर्धा तास ठेवून धुवायचं. लागेल तिथे जांभळट डाग पाडणारं ते मलम. टॉवेल, दाराची कडी, काही सुटलं नव्हतं. रबरी मोजे घाल म्हटलं की ती फणकारायची, "नवऱ्याच्या हाताला मोजे घालून शिवू होय?" तिची बोटं कायमची डागाळली होती.

मलम लावता लावता ती म्हणायची, "डॉक्टर काय म्हणाले? सहा महिने कात्री खाली ठेवा, नाहीतर बोटांचे सांधे कामातून जातील. मग जन्मात उचलता येणार नाही."

"मेल्यावर ठेवीन."

हे भांडण रोजचं. या आठवड्यात मात्र ती गप्पच होती.

या हातांची किळस न येणारं जगात तेवढं एकच माणूस, असं मनात आलं आणि मास्तरांचे डोळे भरले. त्याचाही त्यांना रागच आला.

"दाखवा ती चिठ्ठी. कोण आहे ते बघतोच."

मालकांनी ड्रॉवर उघडला. चिठ्ठी त्यांनी आल्या आल्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती. टाइप केलेल्या चार ओळी, खाली नाव नाही.

मास्तरांनी बाईकडे एक जळजळीत नजर टाकली आणि पाकीट उजेडाकडे धरलं.

कागदाच्या कडेला, प्लास्टिकच्या आत, एका बोटाचा जांभळट ठसा होता.