ब्रेकवरचा पाय

"ब्रेक एकदम दाबायचा नाही, हेमा. पावलाने विचारत विचारत दाबायचा."

गॅरेजच्या बाकावर जप करताना हेमलताताईंना नवऱ्याचं, दिगंबररावांचं, हे शिकवणं आठवत होतं. ते जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचं चालवणं पाहून शिकलेली स्वयंचलित गाडी दर संकष्टीला, आपली आपण, ताईंना टेकडीवरच्या गणपतीला नेई. फक्त ब्रेक लागला की थरथरे.

मुश्ताक मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "मावशी, चाकं, डिस्क, सगळं ठणठणीत आहे. शेवटी शेवटी काकांचा पाय ब्रेकवर थरथरायचा. गाडी तेही शिकली."

माळ थांबली. "मला म्हणायचे, रस्ता खराब आहे. आता नवं डांबर पडलं तरी हादरते, म्हणून तर आणली."

"तुम्ही घाबराल म्हणून लपवलं असेल. पण उतारावर हे धोक्याचं आहे. गाडीच्या मेमरीतून पुसू?"

"मग त्यांचं काय राहील रे?"

"वळणं त्यांचीच राहतील. ब्रेक तेवढा कुणीतरी चालवून नव्याने शिकवायचा."

ताईंनी माळ पिशवीत ठेवली. "माझ्यामागे तू चालवशील ना, विचारायचे. हो म्हणाले होते मी. पूस बाबा."

काम झाल्यावर त्यांनी दूर्वांची जुडी शेजारच्या सीटवर ठेवली. चपला काढल्या, वाकून ब्रेकला हात लावला आणि तो हात कपाळी टेकवला. मग पाऊल अलगद त्यावर ठेवून त्यांनी गाडी सुरू केली आणि टेकडीच्या वाटेला वळवली.