पाठीवरची थाप

तनुजा मैदानावरच्या चौकोनात बसली आणि सवयीने छातीवरचे जाकिटाचे पट्टे चाचपू लागली. जाकीट नव्हतंच. आज त्याची गरजच नव्हती!

लॉकडाऊनचे दहा महिने ती इस्लामपुरात गच्चीवर असाच खडूचा चौकोन आखून बसायची. संघातल्या बाकीच्या आठजणी आठ गावांत, आपापल्या गच्चीवर. कानात "खो!" आलं की नेटवरून सगळ्यांना जोडणारं ते सरावाचं जाकीट पाठीवर थाप मारायचं, खो देणारीच्या हातासारखी हुबेहूब, आणि तनुजा उसळून पळायची. त्याच काळात संघात आलेली गडहिंग्लजची रुखसार तिने कधी समोर पाहिली नव्हती. पण तिची थाप तिने झोपेतही ओळखली असती. आधी दोन बोटं, मग तळवा; फक्त जाकिटाच्या थापेला ऊब नसायची.

आज राज्याच्या संघासाठी निवड होती. घोरपडे सरांनी बजावलं होतं, "जी उठायला उशीर करेल, ती घरी जाईल."

शिट्टी झाली. मागून पावलं धावत आली. "खो!"

दोन बोटं, मग तळवा. रुखसारच! तरी तनुजा बसूनच राहिली. पुढे पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून निसटलीसुद्धा.

"अगं ऊठ की! झोपलीस का काय?" सर ओरडले.

"सर, हिचा हात गरम आहे!" तनुजा आनंदाने किंचाळली आणि सुसाट सुटली.

तिचं नाव खोडायला सरांनी पेन काढलं, पण रांगेकडे बघून त्यांचा हात थांबला. उरलेल्या सातहीजणी श्वास रोखून, पाठ ताठ करून आपल्या खोची वाट बघत होत्या.