बांधापर्यंतची पैज

“संपदा, थांब गं जरा!”

मागून सुशांतची हाक आली, तशी संपदानं गिअर बदलला आणि आणखी जोरात पाय मारायला सुरुवात केली.

या हाकेला ती आता भुलणार नव्हती. लग्नाआधी खडकवासल्याला जाताना तो असाच कळवळला होता, पोटरीत गोळा आला म्हणून. ती बिचारी सायकल टाकून पाण्याची बाटली घेऊन धावली, आणि हा पठ्ठ्या दात काढत तिच्या शेजारून पुढे निघून गेला. पुढे वर्षभर मित्रांना तो किस्सा रंगवून सांगत होता. नवऱ्याची ही नाटकं तिला आता पाठ होती.

त्यात आजची पैज साधी नव्हती. सुशांतला पुण्यात नोकरी चालून आली होती आणि परत जायचं त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. इकडे या कन्नड मुलखात संपदाला ऑफिसात नुकतीच स्वतःची टीम मिळाली होती. ती सोडून सासरच्या दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसायची तिची मुळीच तयारी नव्हती. आठवडाभर घरात धुसफूस चालली. शेवटी काल जेवताना तोच म्हणाला, “उद्या होसकोट्याच्या पुढच्या तलावावर जाऊ. बांधावर जो आधी पोचेल, त्याचं ऐकायचं. आणि तू हरणार. तू सारखी मागे वळून बघतेस.”

“उद्या नाही बघणार,” संपदा म्हणाली होती.

महादेवपुरा मागे पडलं, हमरस्ता सुटला आणि राखीव जंगलाच्या कडेचा हा अरुंद रस्ता लागला. एका बाजूला तारेचं कुंपण, आत चंदनाची खुरटी झाडं आणि कुठेतरी ओरडणारा मोर. दुसऱ्या बाजूला नाचणीची शेतं. रस्ता इतका निवांत, की आपल्याच साखळीची घरघर ऐकू यावी. सुशांतच्या सायकलची घरघर मात्र आता ऐकू येत नव्हती. मागे पडला असणार. संपदाला मनापासून आनंद झाला.

तेवढ्यात कॅनचा खडखडाट करत एक दूधवाला मोपेडवरून मागून तिच्या बरोबरीला आला. मघाशी फाट्यावर याच माणसाला तिनं हिंदीत तलावाचा रस्ता विचारला होता, तेव्हा त्यानं नुसता हात करून दाखवला होता. आता तो तावातावानं कन्नडमध्ये काहीतरी ओरडत होता. वाऱ्यात तिला एकच शब्द नीट ऐकू आला.

“हिंदी! हिंदी!”

आणि हातानं तो ती आली त्या दिशेला खुणावत होता. चल, फूट, परत जा.

संपदाचं डोकंच फिरलं. इथल्या दोन वर्षांत तिच्या पदरात दोनच कन्नड शब्द पडले होते, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं. एवढ्यावर भाजी घेता येते, भांडता येत नाही. गेल्याच आठवड्यात भाजीवाल्याशी हिंदीत बोलली म्हणून एका गिऱ्हाइकानं तिला चारचौघांत सुनावलं होतं, आणि ती मान खाली घालून घरी आली होती. आज ती मान खाली घालणार नव्हती. घरात नवरा म्हणतो परत चल, रस्त्यात हा म्हणतो परत जा!

“हां, हिंदी! हिंदी ही बोलूंगी!” ती किंचाळली. “और वापस नहीं जाऊंगी! क्या करोगे?”

दूधवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि मोपेड वळवून तो आला तसा निघून गेला. संपदाला वाटलं, जिरवली एकदाची.

थोडं पुढे गेल्यावर स्कूटरवरून एक जोडपं मागून आलं. मागे बसलेल्या, गजरा माळलेल्या बाईनंही तेच सुरू केलं. हिंदी, हिंदी, आणि मागे हात. शेवटी तर तिनं चक्क हात जोडले. संपदानं मनातल्या मनात तिला कोपरापासून नमस्कार ठोकला आणि वेग वाढवला. स्कूटर भरधाव पुढे निघून गेली.

मग बराच वेळ रस्त्यावर कुणी नव्हतं. एकदा तेवढी समोरून सायरन वाजवत अँब्युलन्स आली. संपदानं सायकल कडेला घेऊन तिला वाट दिली आणि पुन्हा पाय मारू लागली. मांड्या भरून आल्या होत्या, घसा सुकला होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

बांधावर सुशांत नव्हता. पाण्यावर पाणकोळी तरंगत होते आणि पिंपळाखाली चहाची एक टपरी होती. संपदानं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की पाणकोळी दचकून उडाले.

तिनं सुशांतला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तोंड दाखवायला लाजतोय. तिनं आवाजी निरोप पाठवला, “हरलास, राजा! सामान बांधायचं नाही. आपण इथंच राहणार!”

“मराठी हाय व्हय तुमी?” टपरीवाली बाई गाळणं हातात धरून हसली. “मी यल्लव्वा. आमी चिकोडीकडचं. येकटीच आलायसा?”

“नवरा आहे ना मागे. येईल रडतखडत.” आपली भाषा ऐकून संपदाला अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. बाकड्यावर बसता बसता तिनं गाऱ्हाणं सुरू केलं. “पण अक्का, इथली माणसं अशी कशी हो? आधी तो दूधवाला, मग ते स्कूटरवालं जोडपं. सगळ्यांचं एकच, हिंदी, हिंदी! आणि मागे हात दाखवतात. परत जा म्हणून! मी पण नाही ऐकलं.”

यल्लव्वाचं हसू मावळलं. तिनं चहाचं पातेलं खाली ठेवलं.

“हिंदी न्हवं, बाई,” ती म्हणाली. “हिंदे म्हणालं असतील. हिंदे म्हंजे मागं.”