टेबलावरच्या चिंध्या

“आई, परवाच्या त्या बाईचं पोट खरं होतं की खोटं?”

आईचा घास हातातच राहिला. वर्गातल्या चौघींनी पैज लावली होती. आगबोटीच्या भोंग्यासारखा आवाज असलेली ही मुलगी गुरुजींनाही गप्प करेल, पण हे घरी विचारायची हिची छाती व्हायची नाही. तिनं पहिल्याच घासाला विचारून टाकलं.

आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी मिठाकडे. दोघंही बंदरावरच्या जकात कचेरीत होते. बाबा टेबलापाशी बसून उतारूंचं सामान तपासायचे, आई पडद्याआड बायकांची झडती घ्यायची. कामाचं घरी बोलायचं नाही, हा दोघांचा नियम. लेकीचं तोंड बंद राहायचं नाही, हा निसर्गाचा.

“खोटं,” आई म्हणाली.

पोरगी खुलली. मग काय निघालं त्यातून, रेशीम की घड्याळं? गावात तर हिऱ्यांपर्यंत गोष्ट गेली होती.

“आम्हालाही रेशीमच वाटलं. तुझे बाबा तर पेन उघडून बसले होते.”

मग ताटाकडे बघत आई सांगत गेली. खऱ्या पोटाला हात लावू गेलं की बाई आपसूक मागे सरते. खोटं असलं की ताठ उभी राहते. वीस वर्षांत हा अंदाज चुकला नव्हता, परवाही चुकला नाही. गाठ सोडायला लावली, तर आत निघाल्या जुन्या चादरीच्या चिंध्या. एकीत एक गुंडाळलेल्या, आत काही दडवलेलं नाही. ती माहेरी असतानाच मूल पोटात दगावलं होतं. सासरी पत्रात लिहायचा धीर झाला नाही. घरी पोचल्यावर दोन दिवसांनी, पायरीवरून घसरले म्हणून सांगणार होती. तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि परत बांधून द्या म्हणाली.

“दिलंस ना मग?”

बोलले ते बाबा, कचेरीत बोलतात तसे. अंगावरून जे उतरेल ते अंमलदाराच्या टेबलावर आलं पाहिजे. नाहीतर झडतीवालीनं पडद्याआड काही मिटवलं असा संशय येतो. आता ते टेबल कठड्याला लागून आहे आणि कठड्यापलीकडे न्यायला आलेली माणसं उभी असतात, त्याला कोण काय करणार.

“कोण उभं होतं?”

“नवरा,” आई म्हणाली. “आणि सासू.”

बाबांनी चिंध्या एकेक करून सुट्या केल्या होत्या. काम म्हणजे काम. ‘जकात लागू नाही’ असं लिहिलं, तिच्या पेटीवर खडूनं फुली मारली आणि जायला मोकळ्या आहात म्हणाले. तोवर सासूनं मुलाला दंडाला धरून गाडीत बसवलं होतं, शाळेला निघालेल्या पोराला बसवावं तसं. गाडी गेली.

“मग आता कुठंय ती?”

कचेरीच्या बाकावर. परतीची बोट शुक्रवारी होती. पहारेकरी तिला पाणी देतो, असं बाबांनी सांगितलं. आई म्हणाली, रोज तिच्यासमोरूनच घरी यावं लागतं, आणि ती उठून नमस्कार करते.

मुलीनं ताट पुढे सारलं. घरी का नाही आणलंत, एवढंच तिनं विचारलं. बाबांनी आवाज चढवला नाही. झडती झालेल्या उतारूला जकातीच्या माणसानं थारा दिला, की साटंलोटं होतं असाच अर्थ निघतो. मागे एका शिपायाला अशानंच घरी बसवलं होतं. इथे तर दोघं नोकरीत.

“तुला नाही कळायचं ते,” ते म्हणाले.

ती उठली. हात धुतले, चपला घातल्या, दारात वळून उभी राहिली. आवाज भोंग्यासारखा नव्हता.

“मी नाहीये जकातीत. मी त्यांना आणायला चाललेय. शुक्रवारपर्यंत माझ्या खोलीत राहतील. कचेरीतून कुणी विचारायला आलं तर सांगा, कार्टी आमचं ऐकत नाही.”