पाणी न मागणारी बाग

घायपाताचं झाड जरा सरळ करायला म्हणून सुनेने हात लावला, तर ते मुळासकट हातात आलं. मूळ कसलं, काळा चिखलच तो. वास असा सुटला की नाक दाबावं लागलं. शेजारचं हलवून पाहिलं, तेही डुललं. तिसऱ्याची तीच गत. घर बघायला गिऱ्हाईक तासाभरात येणार होतं.

आधीची दोन गिऱ्हाइकं फाटकातूनच परतली होती. करपलेली हिरवळ बघून एकाने विचारलंही होतं, "इथे पाण्याचे हाल दिसतात?" हाल होतेच, नाही कसं म्हणणार? मग एजंटच्या सल्ल्याने हिरवळ खरवडली, गुलाब उपटले, पांढरी खडी पसरली आणि पाणी न मागणारी झाडं लावून घेतली. नवरा बदलीच्या गावी एकटाच डब्यावर दिवस काढत होता. हे घर विकल्याशिवाय तिथे घेता येत नव्हतं, आणि दोन ठिकाणच्या संसाराला सून अगदी कंटाळली होती. सगळं घोडं या एवढ्याशा अंगणात अडलं होतं.

तिने माळ्याला फोन लावला आणि फैलावरच घेतलं. "सडकी झाडं गळ्यात मारलीत की हो आमच्या!"

"ताई, ही झाडं तहानेने मरत नाहीत. पाणी घातलंत का?"

"पाणी? आम्हाला प्यायला पुरत नाही, झाडांना कुठून घालू?"

फोन ठेवून ती वळली, तर स्वयंपाकघराच्या दारातून सासरे येत होते. हातात बादली. पायजमा वर दुमडलेला, एक खांदा कललेला, पाणी हिंदकळू नये म्हणून ओठ घट्ट मिटलेले. खडीवर येऊन त्यांनी बादलीत मग बुडवला आणि चौथ्या घायपाताच्या बुडाशी अगदी हलक्या हाताने ओतला.

"बाबा!" सून जवळजवळ किंचाळलीच. "यांना पाणी घालायचं नाही म्हणून माळ्याने बजावलं होतं ना? तुमच्यासमोरच सांगितलं होतं!"

"हो, सांगितलं होतं," सासरे म्हणाले. "मला पटलंही होतं."

"मग?"

"तू रोज बादली भरून ठेवतेस. मला वाटलं, तुला पटलेलं नाही."

सुनेने त्यांच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं. ओट्याखालची बादली! तांदूळ धुतलेलं पाणी तीत, भाजी धुतलेलं तीत, पेले विसळलेलंही तीतच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून असं पाणी कधी मोरीत गेलं नव्हतं. तिने बादली भरायची आणि सासऱ्यांनी ती गुलाबांना नेऊन घालायची, एवढं ठरलेलं. गुलाब उपटले त्या संध्याकाळीही तिने तांदूळ धुतले होते आणि हात आपसूक बादलीकडे गेला होता. आज सकाळीही गेला होता. माळ्याला झापताना किती तोरा होता! तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

"माझ्यामुळे गिऱ्हाईक जाणार का गं?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"जातंय कुठे! ती कोरफडीची कुंडी ओढा इकडे."

दोघं गुडघे टेकून बसली. सडकी झाडं पोत्यात गेली, खड्ड्यांवर खडी लोटली, त्यावर मोठे गोटे आले आणि मधोमध कोरफड बसली. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा सून नखांतली माती काढत होती.

गिऱ्हाईक म्हणजे तरुण नवरा-बायको. एजंटला तर नुसता हुरूप आला होता. "या बागेची खासियत सांगू का? हिला कुणाची गरजच नाही! खुशाल महिनाभर गावाला जा."

"अगदी अशीच हवी होती," बायको म्हणाली आणि तिने गोट्यांचा फोटो काढला.

सासरे दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी ते मांडीवर ठेवून दिले. सुनेला तेवढंच दिसलं. जाताना एजंटने फाटकातून 'जमलं' अशी खूण केली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तिने तांदूळ धुतले. हात बादलीकडे गेला. या खेपेला तो तिने जाणूनबुजून जाऊ दिला.

"बाबा, बादली भरली."

"आता कशाला?"

"चला तर खरं."

फाटकाबाहेर विजेच्या खांबाला खेटून एक वेडंवाकडं झाड होतं. कुणी लावलं, कुणास ठाऊक. पानं धुळीने माखलेली, खोडाला कुणीतरी जाहिरात ठोकलेली. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

सासऱ्यांनी बादली खाली ठेवली. "हे आपल्या हद्दीत येतं का गं?"

"नाही बाबा. रस्त्यावरचं आहे."

"म्हणजे हे विकलं नाही आपण."

"नाही."

ते उकिडवे बसले, बोटांनी माती उकरून बुंध्याभोवती आळं केलं आणि एकेक मग ओतत राहिले. पाणी घातल्या घातल्या जमिनीत मुरत होतं. रिकामी बादली त्यांनी सुनेच्या हातात दिली.

"उद्यापासून जरा लवकर भरत जा," ते म्हणाले. "आपण निघायच्या आत याची मुळं खोल जायला हवीत."