दांडीवरची मोकळी जागा

चौदा जुलै, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे, कोंबड्या आठ. निवृत्त फोरमननी वहीत नोंद केली आणि समाधानाने खुराड्याकडे पाहिले. गेल्या पावसाळ्यात मुंगसाने आणि ओलीने निम्म्या कोंबड्या नेल्या होत्या. यंदा जाळी हातभर जमिनीत गाडली होती, पत्र्याला उतार दिला होता, खालची वाळू कोरडी होती.

"स्वयंपाकघर गळतंय आणि यांना महाल," बायको छत्रीखालून म्हणाली. "यंदा एक जरी दगावली, तर कोंबड्या पाळणं बंद हं."

"एकही दगावणार नाही."

"मग अशा काय बसल्यात हो?"

आडव्या दांडीवर चार कोंबड्या डावीकडे होत्या, चार उजवीकडे. मधली दीड हात जागा रिकामी होती आणि दोन्हीकडच्या कोंबड्या त्या रिकाम्या जागेवरच रेलून, डोळे मिटून निवांत बसल्या होत्या.

फोरमननी तिथे हात ठेवला. लाकूड उबदार लागले. खुराड्यातली ऊब तपासायला आणलेला थर्मामीटर त्यांनी तिथे धरला.

"किती?" बायकोने विचारले.

कोंबडीचे अंग एकेचाळीस अंश गरम असते. पारा माणसाच्या अंगाच्या उबेवर येऊन थांबला.

"सदतीस."