चोराचा हात

घ्यायची होती टपालपेटी, पण आमचे हे तिजोरी घ्यायला निघाल्यासारखे दुकानात शिरले. एकेक पेटी ठोकून झाली, हलवून झाली. “चोराचा हात फटीत शिरलाच तर अडकलाच पाहिजे,” दुकानदाराला बजावून झालं. आमच्याकडे येतं काय, तर विजेचं बिल आणि माझ्या बहिणीची पत्रं. तीही हेच फोडतात, वाचतात, मग माझ्यापुढे टाकतात. पेटी ठरल्यावर मी एक किल्ली मागितली. “तुला कशाला? हरवशील,” म्हणत ह्यांनी दोन्ही किल्ल्या उजव्या खिशात कोंबल्या आणि खात्री करायला उजवा हात फटीत घातला. तो मनगटाशी अडकला. “दार उघडून आतून सोडवावा लागेल,” दुकानदार हसू दाबत म्हणाला. “अगं, बघतेस काय? खिशातली किल्ली काढ!” हे खेकसले. मी दोन्ही काढल्या. एक पर्समध्ये टाकली, सावकाश चेन लावली, मग दुसरी दुकानदाराला दिली.